‘पोर्ट न उघडताच पैसे घेतले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मुलाने जर्मनीहून सांगितलेला पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी राउटरमधलं दार) आमच्या माणसाने उघडून दिला नाही, ‘हे तुमच्या नेटवाल्याकडचं आहे’ म्हणत हात झटकले आणि तरी व्हिजिटचे ३५० रुपये घेतले, असं तुम्ही लिहिलंय. गूगल मीट आणि व्हॉट्सॲप त्याच राउटरवर छान चालतं, मग हेच का नाही, हेही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडून हीच तक्रार घेऊन बरेच जण एमजी रोडला दुकानात येतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे पोर्ट उघडलेला आहे. पान उघडायला टीसीपी ४४३ आणि चित्र-आवाजासाठी यूडीपी १००००, दोन्ही नियम तुमच्या राउटरमध्ये भरलेत. पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर आजही दिसतील, मुलाला लांबून दाखवलेत तरी तो ओळखेल.

मुलाने घरातल्या जुन्या पीसीवर जित्सी, म्हणजे व्हिडिओ कॉलचा स्वतःचा सर्व्हर, बसवलंय, आणि ते व्यवस्थित बसवलंय. घरच्या वायफायवर कॉल तुमच्यासमोर लागला. मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तोच पत्ता टाकला, तर पानच उघडेना. इथेच खरी गोम आहे. जित्सीत नुसता यूडीपी १०००० अडलेला असला तर लक्षण वेगळं दिसतं. दोघं असेपर्यंत कॉल बहुतेक वेळा चालतो, कारण तेव्हा चित्र आणि आवाज थेट एकमेकांकडे जातात. तिसरा आला की सगळं सर्व्हरमधून जायला लागतं आणि पडदा काळा होतो. तुमच्याकडे गाडी तिथवर पोचतच नव्हती. म्हणजे अडथळा राउटरच्याही बाहेर.

तुमच्याकडे दोन डबे आहेत, नेटवाल्याचा फायबरचा आणि तुम्ही विकत घेतलेला राउटर. दोन्ही आपापल्या परीने पत्ते बदलत होते. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १९२.१६८ ने सुरू होत होता, म्हणजे तो फायबरच्या डब्यानेच दिलेला घरगुती पत्ता. तुम्ही कपाटातून जोडणीचा कागद शोधून दिलात, त्यावरचा पीपीपीओईचा, म्हणजे नेटवाल्याकडे लॉगिन करायचा, युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये टाकला आणि फायबरचा डबा ब्रिज मोडवर नेला, म्हणजे तो आता पत्ते न बदलता नुसतं पुढे पाठवतो. हे काम झालंय काका, रिव्ह्यूत ते कुठे आलं नाही. त्यानंतर राउटरला नवा पत्ता मिळाला. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला आणि तिथे आमचे हात बांधले गेले.

हा पट्टा २०१२ मध्ये खास नेट पुरवणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४ चे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. म्हणून नेटवाले एकाच खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. यात फसवणूक नाही, यूट्यूब बघणाऱ्याला आयुष्यभर कळतही नाही. पण फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवलं तरी सोसायटीच्या फाटकाला कुलूप असेल तर पाहुणा वर येणार कसा? ती किल्ली नेटवाल्याकडे आहे. आमच्याकडे असती तर ३५० रुपयांत दिली असती.

मीट चालतं, कारण तिथे दोन्ही बाजू आतून बाहेर गूगलच्या सर्व्हरला हाक मारतात. आतून गेलेल्या हाकेचं उत्तर परत आत घ्यायला कुठलाच राउटर नाही म्हणत नाही. व्हॉट्सॲप थेट जोडणी जमते का बघतं, नाही जमली तर कंपनीच्या रिले सर्व्हरमधून कॉल नेतं. तुमच्या मुलाचा सर्व्हर मात्र तुमच्या घरात आहे. मुलाला जर्मनीतून आपणहून त्यात यायचंय, आणि नेमकं तेच सीजीनॅटमध्ये होत नाही.

कोणाला स्वतः तपासायचं असेल तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरचा पत्ता बघा. दोन्ही जुळले नाहीत तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका.

शेजारच्या मुलाने सुचवलेलं डीएमझेड (सगळे पोर्ट एकाच पीसीकडे सोडणारी राउटरमधली सोय) चालू केलं नाही, हाही राग दिसतो. करणारही नव्हतो. त्याने सीजीनॅट हटत नाही. आणि उद्या खरा पत्ता मिळाला तर तो जुना पीसी सगळ्या पोर्टांनिशी जगासमोर उघडा पडेल, त्यात तुमचे बँकेचे कागद आहेत असं तुम्हीच म्हणालात.

३५० रुपयांचं म्हणाल तर तो आकडा येण्याआधी फोनवर सांगितला होता. दोष कुठे आहे ते शोधून देणं हेही कामच आहे.

आता पुढचं. नेटवाल्याकडे स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा खरा पत्ता, मागा, त्याचे जादा पैसे पडतील. ते नको असेल तर मुलाला म्हणावं, महिन्याच्या भाड्याचा छोटा सर्व्हर घे आणि जित्सी तिथे हलव. माझं मत विचाराल तर हेच बरं, पीसी रात्रंदिवस चालू ठेवायला नको आणि लाइट गेली तरी कॉल तुटायला नको. नव्या पद्धतीचे पत्ते देणारं आयपीव्ही६ असतं तर हा पेच सुटू शकला असता, पण तुमच्या राउटरचं ते पान रिकामं होतं. आणि नुसत्या नातवंडांशी बोलायचं असेल तर जित्सीची स्वतःची फुकट सेवा आहेच. ऑगस्ट २०२३ पासून तिथे मीटिंग सुरू करणाऱ्याला गूगल, गिटहब किंवा फेसबुकने लॉगिन करावं लागतं, बाकीच्यांना नाही.

स्टॅटिक आयपी मिळाला की दुकानात फोन करा. नियम भरलेलेच आहेत, फोनवरच तपासून देऊ, त्याचे पैसे नाहीत. तोवर कोणी सांगितलं तरी नवा राउटर घेऊ नका, आमच्याकडूनही नाही.