पिंपावरचा माणूस

आमच्या सोसायटीत कंपोस्टचं पिंप बसलं आणि कुणाच्या घरात काय शिजतंय हे झाकून राहिलं नाही. 2016 च्या नियमांनी ओला-सुका वेगळा करणं घराघराला बंधनकारक केलं. पिंप ढवळायचं कुणी, हे आमच्या सभेनं ठरवलं. त्या सभेला मी नव्हतो.

झाकण उघडलं की आता मला अख्खी बिल्डिंग वाचता येते. डाळिंबाची सालं म्हणजे तिसरा मजला. त्यांची सांगोल्याकडं बाग आहे, डाळिंबं सगळ्यांना वाटतो म्हणतात. माझ्या वाट्याला सालंच येतात. परवा तर एका माळकरी घराच्या पिशवीतून नळीची हाडं निघाली. मी गुपचूप खाली ढकलली आणि वर पाला पसरला. शेजारधर्म म्हणून एवढं करावंच लागतं.

नुसतं ओलं टाकलं की पिंप सडतं आणि वास थेट गच्चीपर्यंत जातो. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण 30 ला 1 लागतं, म्हणजे जोडीला सुकं भरपूर हवं. ती सोय सोलापुरात घरचीच: शेंगांची टरफलं! गावाकडनं पोतं आलं, चटणी कुटायला काढली, की टरफलांचा ढीग माझ्या दारात. फक्त चुरून टाकायची, नाहीतर लवकर कुजायचं नाव घेत नाहीत.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 42 च्या वर, पिंप ठणठणीत कोरडं. मुठीत खत दाबलं तर तळहात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये, असा हिशोब आहे. पण इथं नळाला पाणी काही दिवसांआड, आणि मी तांब्या घेऊन उभा दिसलो की गॅलरीतनं आवाज येतोच, "ओ मालक, उजनीचं पाणी उकिरड्याला घालताय होय?" आता मी घरोघरी तांदूळ धुतलेलं पाणी मागत फिरतो.

पावसाळ्यात पिंपात वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या. काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा फस्त करतात, असं मी सभेत जीव तोडून सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू ऐकेनात, "आजच्या आज बाहेर काढा."

"राहू द्या की," अण्णा म्हणाले, "पण राहतायत तर मेंटेनन्स घ्या त्यांच्याकडनं."

सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहिलं. वसुलीचं काम माझ्याकडं आहे.