‘हितचिंतक’ यांना उत्तर : आजीची कोकणी आणि माझ्या मुलाचं बोलणं

‘हितचिंतक’ या नावाने प्रतिक्रिया लिहिणाऱ्या वाचकांस,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. रात्रीच उत्तर लिहिलं असतं तर शब्द वेगळे आले असते.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासून घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की मी तरुण आयांना घाबरवते, मी डॉक्टर नाही, यांच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलले आणि त्यांचं काही बिघडलं नाही. त्यानंतरचं वाक्य जसंच्या तसं देते : "बाईसाहेब, एका लेकराच्या कानावर मराठी, कोकणी, इंग्रजी असा तीन भाषांचा काला ओताल तर ते बिचारं तोंड उघडेल कसं? दोष त्याच्या कानात नाही, तुमच्या घरात आहे."

आधी माझी चूक. मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ 6 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, असं मी लिहिलं होतं. तो 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. सहापर्यंतची मुलं अंगणवाडीत तपासली जातात, त्यावरून माझा गोंधळ झाला. तुम्ही दाखवून दिलंत, मी दुरुस्त केलं. आभार.

आता ‘बाईसाहेब’. मी माझ्या नावाने लिहिते. तुम्ही नाव लपवून माझ्या घरात दोष शोधता आणि वर मला बाईसाहेब म्हणता. मतभेद असू द्या, पण ज्या घराचा उंबरा तुम्ही कधी ओलांडला नाही त्या घराबद्दल असं बोलायचं नसतं. वयाने तुम्ही मोठे असाल, म्हणून एवढ्यावरच थांबते.

माझ्या घरात कोण आहे ते सांगते. माझं माहेर डिचोलीचं, आम्ही घरी मराठी बोलणारे. सासर फोंड्याचं. सासूबाई रोज सकाळी मराठी पोथी वाचतात, पेपरही मराठीच वाचतात, पण बोलतात कोकणी. नवरा आईशी कोकणीत बोलतो, माझ्याशी मराठीत. यात वेगळं काय आहे? 1987 च्या कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही जागा राहिली. पण आमच्या घरांत दोन्ही भाषा त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होत्या. हा काला असेल तर त्यावर गोव्याच्या कित्येक पिढ्या वाढल्या, आणि बोलल्याही.

तुमचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलेलं नाही, म्हणून ते इतकं लागलं. मुलगा 2 वर्षं 2 महिन्यांचा असताना त्याच्याकडे 11 शब्द होते. तेव्हा एके ठिकाणी, जिथे आम्ही सल्ला मागायला गेलो होतो, मला हेच सांगण्यात आलं : घरात एकच भाषा ठेवा. मी ऐकलं. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, थोडे दिवस त्याच्याशी मराठीतच बोला."

त्या हो म्हणाल्या. पण लहान मुलाशी लाडाने बोलायचं मराठी त्यांच्याकडे नव्हतंच. पोथीचं मराठी होतं, पेपरचं होतं. आदल्या महिन्यापर्यंत काय चालायचं ते मी रोज पाहत होते. संध्याकाळी दोघं बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसायची. तो पेल्याला हात लावून "उदक", म्हणजे पाणी, म्हणायचा. त्या म्हणायच्या, "उदक? हून उदक जाय काय थंड?" (गरम पाणी हवं की थंड?) आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. घाई नाही. तो कधी "हून" म्हणायचा, कधी नुसता हसायचा. मी तो नियम घातल्यावर त्याने पेल्याला हात लावला की त्या पेला पुढे करायच्या. बस. दोघांच्या मध्ये पाण्याचा पेला आणि शब्द एकही नाही. असे चार महिने गेले. चार महिन्यांत 11 चे 12 शब्द झाले. तो बारावा शब्द ‘बाय’ होता.

हे मी माझ्या हाताने केलं, तुमच्यासारख्याच एका वाक्यावर विश्वास ठेवून. त्यामुळे ‘तुमच्या घरात दोष आहे’ हे वाचल्यावर मी शांत राहावं ही अपेक्षा करू नका.

चार महिन्यांनी कान तपासले. पडद्यामागे चिकट द्रव साठला होता, दोन्ही कानांत. लहान मुलांची घशाकडून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीने ती बंद होते आणि पाणी आतच राहतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात एक सर्दी जाईपर्यंत दुसरी येते. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कळत नाही. बसचा हॉर्न वाजला की तो वळायचा, तेव्हा ऐकू येतंय असंच आम्ही धरून चाललो. पण डोकं पाण्याखाली धरून ऐकावं तसं त्याला ऐकू येत होतं. ‘स’ आणि ‘फ’ सारखे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

दुसरी गोष्ट स्पीच थेरपिस्टनी केली. त्यांनी विचारलं, "12 शब्द कुठल्या भाषेतले मोजलेत?" मी मराठी आणि इंग्रजीच मोजले होते. ‘उदक’, ‘जाय’, ‘यो’, ‘माजर’ यातलं काहीही मी धरलं नव्हतं, कारण कोकणी बंद केली होती ना! सगळे धरले तर 21 झाले. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण 50 शब्द असावेत असं धरतात, म्हणजे 21 हे कमीच. पण मोजणी तरी खरी झाली. दोन भाषा ऐकणारी मुलंही पहिला शब्द साधारण त्याच वयात बोलतात जेव्हा एक भाषा ऐकणारी बोलतात. एकेका भाषेतले शब्द थोडे कमी असू शकतात, दोन्ही मिळून बघावं लागतं. एकाच वाक्यात दोन भाषा आल्या म्हणजे मूल गोंधळलं, असं होत नाही. डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेल्या मुलांमध्येही दुसऱ्या भाषेमुळे बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

थेरपिस्टनी सांगितलेलं पहिलं काम होतं, आजीला कोकणी परत बोलू द्या. मूल एक शब्द बोललं की आपण त्याला आणखी एक जोडून परत द्यायचा, मग थांबायचं. हे मला त्यांनी कागदावर लिहून दिलं. सासूबाई ते बाल्कांवात कुणी न शिकवता करत होत्या.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. मी डॉक्टर नाही, तसं कधी म्हटलंही नाही. घाबरवण्याबद्दल म्हणाल, तर कान तपासा म्हटल्याने कुणी घाबरत असेल तर मी काही करू शकत नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे इतरांना गाठतात, हे मूळ लेखात आहे, पुन्हा वाचा. कुठलं गाठेल हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, घराण्याच्या दाखल्यावरून तर मुळीच नाही. डॉक्टरही थांबा म्हणतात. आम्हालाही तीन महिने थांबायला सांगितलं, कारण हे पाणी बऱ्याचदा आपोआप ओसरतं. पण पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहिलेली होती. आमच्या मुलाचं ओसरलं नाही, मग कानाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे आत हवा जाण्यासाठीच्या बारीक नळ्या, बसवल्या. तुम्ही सुचवलेलं वेखंड आणि मध मी कुठल्याच बाळाला देणार नाही, आणि एक वर्षाच्या आत तर मध अजिबात देऊ नये.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "आमचा नातू अडीच वर्षांचा आहे, अजून बोलत नाही, पण आम्ही तुमच्यासारखे धावलो नाही." ते वाचल्यावर मात्र माझा राग थोडा बाजूला राहिला. मागून, तो तुम्हाला बघत नसताना, हळू आवाजात त्याला हाक मारल्यावर तो वळतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हवी असलेली वस्तू बोटाने दाखवतो का, तेही नाही. तुम्ही पेडण्याचे म्हणता, तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) कान-नाक-घसा विभाग आहे, किंवा अंगणवाडीत तपासणीचं पथक कधी येणार ते विचारा. तोपर्यंत तुम्ही घरी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत त्याच्याशी बोलत राहा.