जिओलाइटमधील पॅलॅडियम आणि एका फिरत्या संदेशातील चार विधाने

पुण्यातल्या गाडीवाल्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: प्रत्येक गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जिओलाइटवर, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सच्छिद्र खनिजावर, पॅलॅडियम हा मौल्यवान धातू लावलेला असतो, गाडी तापली की ते वितळून त्याचे गोळे होतात, म्हणून इंजिन फार तापू देऊ नये, पॅलॅडियम जितके जास्त, तितका धूर स्वच्छ, आणि जिओलाइट आपल्या वाघोलीच्या खाणींतच मिळत असताना तो विकत कशाला घ्यायचा. लिहिणाऱ्याला थोडेफार रसायनशास्त्र येते हे उघड आहे, आणि म्हणूनच लोकांचा त्यावर चटकन विश्वास बसतो.

पहिले विधान थोडक्यात निकालात काढता येते. सर्वसाधारण पेट्रोल गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये पॅलॅडियम असते, पण ते ॲल्युमिना आणि सेरियम-झिर्कोनियमच्या ऑक्साइडांवर बसवलेले असते. पॅलॅडियम-जिओलाइटचा विचार होतो तो प्रामुख्याने डिझेल इंजिनाच्या थंड सुरुवातीसाठी. डिझेलच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांचा बंदोबस्त करणारा मुख्य उत्प्रेरक साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे नीट काम करू लागतो; तोवरची पहिली एक-दोन मिनिटे हे वायू धरून ठेवायचे आणि पुढचा उत्प्रेरक तापला की सोडून द्यायचे, एवढेच पॅलॅडियम-जिओलाइटचे काम. ही धर्मशाळा आहे, मुक्कामाचे घर नव्हे.

दुसरे विधान मात्र सविस्तर तपासायला हवे, कारण ते अर्धे खरे आहे. पॅलॅडियम १५५५ अंशांना वितळते आणि डिझेलचा धूर त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे ‘वितळते’ हा शब्द चुकीचाच. गोळे होण्यासाठी वितळण्याची गरजही नसते; तापलेल्या पृष्ठभागावर अणू सरकतात, लहान कण मोठ्या कणांत विलीन होतात आणि वायूला भिडणारे अणू कमी होत जातात. ॲल्युमिनावर हे घडते, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तिथलाच नियम इथे लावला आहे. जिओलाइटमध्ये मात्र हवेत तापवल्यावर बऱ्याचदा उलट घडते. त्याच्या सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी जिथे ॲल्युमिनियम बसते, तिथे एक ऋणभार उरतो आणि त्याच्या जोडीला एक प्रोटॉन असतो. बाहेर पडून असलेला पॅलॅडियम ऑक्साइडचा कण भरपूर तापला की असे दोन प्रोटॉन त्याचा ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने काढून नेतात, आणि सुटा झालेला दुहेरी धनभाराचा पॅलॅडियम आयन त्या रिकाम्या जागी जाऊन बसतो. एसएसझेड-१३ या जिओलाइटचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पोकळ्यांची दारे जेमतेम ०.३८ नॅनोमीटरची, उत्प्रेरक बनवताना वापरलेल्या द्रावणातील अमोनियायुक्त पॅलॅडियम आयन त्यातून सहजी शिरत नाही, त्यामुळे सुरुवातीला बरेचसे पॅलॅडियम स्फटिकांच्या बाहेरच राहते. तेच चूर्ण हवेत ७५० अंशांच्या आसपास काही तास तापवले की पॅलॅडियम आत पांगते. नायट्रिक ऑक्साइड पकडण्याचे काम प्रामुख्याने हे सुटे आयन करतात, ऑक्साइडचे कण नव्हे. तापमान त्याहून बरेच वर गेले तर सांगाड्यातील ॲल्युमिनियमच निखळू लागते आणि हा सारा हिशेब विसकटतो, हेही नमूद करायला हवे.

मग गोळे कशाने होतात? मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडने. तो आयनाला क्षपित करून, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन, धातूच्या रूपात आणतो, धातूला धरून ठेवणारा विद्युतभार उरत नाही, आणि अणू भटकत एकत्र येतात. हे डोळ्यांनाही दिसते: पॅलॅडियमचे आयन पांगलेले फिकट चूर्ण क्षपण करणाऱ्या वायूत तापवले की करड्या-काळ्या रंगाकडे झुकते. पुन्हा हवेत भरपूर तापवल्यास लहान कण परत आयन बनून पांगतात. मोठे झालेले कण मात्र सहसा दाद देत नाहीत. थंड इंजिन सुरू होताना धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. म्हणजे कोथरूडहून डेक्कनपर्यंत जाऊन गाडी बंद करायची, पुन्हा थंड इंजिनानेच परतायचे आणि उत्प्रेरकाला कधी पुरेसे तापूच द्यायचे नाही, ही जी रीत संदेश काळजीपोटी सुचवतो, तीच अशा उत्प्रेरकाला जास्त जाचक ठरेल. गंमत अशी की थोडासा कार्बन मोनॉक्साइड पॅलॅडियमवरील नायट्रिक ऑक्साइडची पकड घट्टही करतो. त्रास होतो तो त्याच्या वारंवार आणि भरमसाट माऱ्याने.

आता ‘जितके जास्त, तितके चांगले’ याचा हिशेब मांडून पाहू. एक ग्रॅम एसएसझेड-१३ घ्या, ज्यात दर १२ सिलिकॉनमागे १ ॲल्युमिनियम आहे. त्यात वजनाने १ टक्का, म्हणजे १० मिलिग्रॅम पॅलॅडियम घातले तर ते सुमारे ९४ मायक्रोमोल (मोल हे अणूंची संख्या मोजण्याचे एकक) भरते, आणि ॲल्युमिनियम जवळजवळ १२८० मायक्रोमोल असते. दर पॅलॅडियममागे तेरा-चौदा ॲल्युमिनियम! जागा मुबलक वाटते, पण दुहेरी भाराच्या आयनाला शेजारी-शेजारी असलेली दोन ॲल्युमिनियम लागतात, आणि सांगाड्यात एकएकटी पडलेली ॲल्युमिनियम या कामी तितकीशी येत नाहीत. जोडीच्या जागा भरल्या की वाढीव पॅलॅडियमचा बराच भाग ऑक्साइडच्या कणांच्या रूपात बाहेर बसून राहतो. इतका महाग धातू असा बसवून ठेवणे कोणत्याही कारखानदाराला परवडणारे नाही.

राहिले वाघोली. दख्खनच्या बेसाल्टमधील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात, आणि याच खडकात सापडणाऱ्या चॅबाझाइटचा सांगाडा एसएसझेड-१३ सारखाच आहे, त्यामुळे संदेशातील कल्पना अगदीच वेडगळ नाही. पण नैसर्गिक चॅबाझाइटमध्ये दर ॲल्युमिनियममागे सिलिकॉन साधारण दोन-तीनच असतात. इतक्या ॲल्युमिनियमचा सांगाडा तापलेल्या वाफेत ढासळतो, आणि धुरात वाफ तर कायमच असते. शिवाय खाणीतल्या स्फटिकात कॅल्शियम, सोडियम आधीच जागा अडवून बसलेले असतात. म्हणून उत्प्रेरकासाठीचा जिओलाइट बंद पात्रात, दाबाखाली, हव्या त्या प्रमाणात घडवावा लागतो. तसे घडवण्याची परंपराही पुण्याला आहे: १९८०च्या दशकात एन्सिलाइट हे जिओलाइटचे उत्प्रेरक विकसित झाले ते पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, वाघोलीच्या खाणीत नव्हे.