बॉबिनच्या चाकांचा बैल

पोळा आठ दिवसांवर आला की नागपुरात इतवारीतल्या आमच्या पानठेल्याजवळच्या ओट्यावर बैलांशिवाय दुसरा विषय निघत नाही. यंदा मात्र मोन्या समोर बसला होता आणि त्याचे आबाजी जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता, म्हणून सगळे उगाच पावसावर बोलत होते. शेवटी शिऱ्यालाच राहवलं नाही.

"मग यंदा बैल नाही ना निघत तुमच्या घरचा?"

"पाहू," मोन्या म्हणाला.

"पाहू काय बे? वर्ष व्हायचं आहे अजून. सण नसते करत."

"त्या दिवशी घरात गाय व्यायली तर सण सुटते म्हणतात," पप्या म्हणाला.

"इतवारीत तिसऱ्या माळ्यावर गाय चढवू का?"

बाहेरच्यांना हा बैल सांगायला हवा. पोळ्याला शेतकऱ्याचे खरे बैल आणि दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी, तो तान्हा पोळा. भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. पोट्टे बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, गोळा करतात. मोन्याच्या आबाजींनी उमर काढली एम्प्रेस मिलमध्ये, सुतारकामात. टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून हे नाव. आबाजी म्हणायचे, राणी गेली, मिल गेली, माझा बैल आहे. मोन्याच्या बाबांसाठी त्यांनी तो सागवानातून कोरला आणि खाली चाकं लावली ती मिलच्या भंगारात निघालेल्या लाकडी बॉबिनचे काप करून. चारही चाकं कमीजास्त झिजलेली. बैल खडखडत जातो आणि दर दहा पावलांवर उजवीकडच्या नालीत शिरायला बघतो. मोन्यानं तो ओढला, मीही ओढलाय.

"माझं ऐका," पप्या म्हणाला. "आबाजीच्या नावानं चषक ठेवू. बैल सजावट स्पर्धा. चौकात दहा बाय पंधराचा बॅनर, खर्च माझा."

महापालिकेच्या तिकिटाची हवा लागल्यापासून पप्याला कोणाच्याही मरणात बॅनरच दिसतो. तरी चषकाची कल्पना अगदीच वाईट नव्हती, हे मला तेव्हा कबूल करवलं नाही.

"बॅनरवर फोटो कोणता लावशील?" मोन्यानं विचारलं. "तेरवीच्या बॅनरवर लावला तोच? ताईच्या लग्नातला? खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिला होता."

"तेरवी मात्र झाक झाली," शिऱ्या म्हणाला. त्याला खरंच बरं बोलायचं होतं. "चारशे पान उठलं."

"हाव. चारशे पान उठलं. अन् डोळे?"

"कोणते डोळे?"

मोन्यानं तोंडातला खर्रा थुंकला. दहाव्याच्या दिवशी आबाजींच्या पेटीत, पीएफच्या कागदांखाली, नेत्रदानाचा फॉर्म सापडला होता. साक्षीदार म्हणून बाबांची सही. बाबाच विसरले होते.

"पहाटे साडेपाचला गेले ते. सहा तासांत डोळे घ्यावे लागतात. म्हणजे साडेअकरापर्यंत टाइम होता. तेवढ्या वेळात आम्ही काय करून राहिलो होतो माहीत आहे? काका म्हणे गंगाबाई घाट, बाबा म्हणे मोक्षधाम. कोणत्या स्मशानात न्यायचं, त्याच्यावर भांडण. दोन तास."

"पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ना बे? चालले असते का?" शिऱ्या चाचरत म्हणाला.

"मलेही तेच वाटलं होतं. म्हटलं, चला, तेवढीच सुटका. नेत्रपेढीत जाऊन विचारलं. तर म्हणे मोतीबिंदू भिंगाचा, दान कॉर्नियाचं, डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचं. चष्मा असला तरी चालते, म्हातारपण असलं तरी चालते. फॉर्म भरला नसता तरी घरच्यांच्या एका फोनवर माणसं घरी येतात, वीस मिनिटांचं काम. ते येईपर्यंत पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा अन् पंखा बंद करायचा." तो थांबला. "आमच्या इथं पंखा पाचवर होता."

ठेलेवाल्या काकांनी सुपारी घोटणं थांबवलं. मला भलतंच आठवत होतं. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मारबत निघते, रोगराई आणि इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची. त्या गर्दीत आबाजी मला खांद्यावर घ्यायचे आणि स्वतःच्याच दुखण्यांची यादी ओरडायचे, "खोकला घेऊन जा गे मारबत! गुडघे घेऊन जा गे मारबत!" गुडघे नेले तर चालणार कसे, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, तू नेशील ना खांद्यावर.

बऱ्याच वेळानं शिऱ्या पुन्हा मूळ मुद्द्यावर आला. चिवट माणूस. "डोळ्यांचं झालं ते वाईट झालं. पण म्हणून बैल काढायचा असं नाही होत. डोळे राहिले ते बैल ओढून भरून निघणार आहे का?"

"मी कुठं म्हटलं?"

"मग कायले काढतो?"

मोन्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते शिऱ्याचं बरोबर होतं आणि तरी बैल निघायला हवा होता. हे दोन्ही एकदम कसं म्हणायचं ते मला येईना, म्हणून मी विचारलं, "आजीला विचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. मोन्यानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"सण आपला नाही यंदा," आजी म्हणाली. शिऱ्या ताठ बसला. "घरात कढई चढणार नाही. पुरणपोळी शेजारचे देतील, ते खाऊ. पण बैलाले कायचं सुतक? समोरच्या पोरीले दे. ती ओढेल."

"अन् बोजारा?"

"तिले म्हणा पहिले आपल्या दारी ये. तुझे आबाजी दहाची नोट द्यायचे, मी पन्नास देईन." मग जरा थांबून, "येताना चिकटपट्टी आणजो. माझा फॉर्म फ्रिजवर लावायचा आहे. त्यायचा फोन नंबर मोठ्ठा लिहून दे, तुझ्या बापाले चष्म्याबिगर दिसला पाहिजे."

फोन ठेवल्यावर पप्या बॅनरचं काही बोलला नाही, पण गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. "पोरीच्या हातात द्यायचा तर चाकं बदलू. बेअरिंगवाली टाकतो, सुर्रकन पळेल."

"चाकाले हात नाही लावायचा," मोन्या म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच शिऱ्यानं त्याच्या बाजूनं मान हलवली.

"बरं, मग निदान तेल तरी घाल," पप्या म्हणाला.

त्यावर पुन्हा अर्धा तास गेला.