नावघाटावरची मगर आणि मी न केलेली सही

कृष्णाकाठच्या आमच्या गावात गेल्या पंधरवड्यात तीन वेळा सकाळी नावघाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मगर पडून होती. ऊन चढून ती पाण्यात उतरेपर्यंत नाव चालवणारा आंबी नाव सोडू शकला नाही आणि पलीकडच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, ज्यांचा ऊस आहे, त्यांना काठावर ताटकळत बसावे लागले. आता मगर पकडून न्यावी, असे निवेदन गावात फिरते आहे. त्यावर मी सही केलेली नाही, आणि त्याचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते.

भीती मलाही आहे. दोन वर्षांपूर्वी याच घाटावरून माझ्या चुलत्यांची शेळी गेली. परंतु मगर पकडून दूर सोडली, तरी ती पुन्हा आपल्या ठिकाणी परतू शकते, आणि ती परतली नाही, तरी मोकळी झालेली जागा दुसरी मगर घेऊ शकते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती असल्यामुळे, परवानगीशिवाय जाळे टाकणारा आपलाच माणूस तुरुंगात जाईल.

ती आपल्याच घाटावर का येते, हा खरा प्रश्न आहे. मगरीला अंगातली ऊब उन्हातून मिळवावी लागते, आणि आपल्या पायऱ्यांवर सकाळचे पहिले ऊन पडते. तोंड उघडे ठेवून पडलेली मगर चिडलेली आहे असे समजून मुले दगड मारतात; वस्तुतः ती बहुधा अंगातली जादा उष्णता बाहेर टाकत असते. मात्र उन्हापेक्षा मोठे आमंत्रण आपण देतो. मासे इथेच साफ केले जातात, कोंबडीची आतडी आणि पिसे पोत्यात भरून इथेच टाकली जातात, मेलेले वासरूही नदीतच सोडले जाते. त्या घाणीवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे मगर येते. हे थांबवल्याशिवाय पकडण्याची मागणी करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

निवेदनात मागायचेच असेल, तर धुणे धुण्याच्या जागेभोवती पाण्यात लोखंडी जाळीचे कुंपण मागावे. श्रीलंकेत नदीकाठी अशी कुंपणे वापरात आहेत. नावेसाठी पायऱ्यांपासून वेगळा, उंच खांबांवरचा धक्का मागावा, म्हणजे पाण्याच्या कडेला पाय न ठेवता चढता येईल. पाणी उपसायच्या मोटारीजवळ दिवा हवा, कारण तिला लागणारी थ्री फेज वीज रात्री आली की ती सुरू करायला आपण अंधारात नदीवर उतरतो, आणि मला सर्वांत मोठा धोका तोच वाटतो. सूचनाफलक कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत असावेत; जीव वाचवणारी सूचना प्रत्येकाला वाचता आली पाहिजे. फेब्रुवारीपासून मादी काठच्या मातीत अंडी घालते आणि घरट्याजवळ थांबते. त्या काळात मळीच्या कडेला जनावरे चरायला सोडू नयेत.

२०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात घराच्या छपरावर चढलेली मगर आपण सर्वांनी पाहिली होती. नदी गावात शिरली की तीही येणार, मग आज घाटावरची एक मगर नेली काय आणि न नेली काय.

रविवारी ग्रामपंचायतीत बैठक आहे. कोंबडीची घाण घाटावर टाकणे बंद करण्याचा ठराव मी तिथे मांडणार आहे, आणि तो मंजूर झाला तर कुंपणाच्या निवेदनावर पहिली सही माझी असेल.