शिंगांचं शिरस्त्राण, हजार वर्षांची टाळी आणि व्हायकिंगांच्या नावावर खपणारं बरंच काही

व्हायकिंगांबद्दल, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांबद्दल, समाजमाध्यमांवर जे फिरत असतं ते एकत्र केलं तर साधारण असा मजकूर तयार होतो: ‘व्हायकिंग शिंगांचं शिरस्त्राण घालून लढायचे. ते मिनेसोटापर्यंत पोचले होते, म्हणून तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव व्हायकिंग्ज. आइसलँडच्या प्रेक्षकांची टाळी ही त्यांची हजार वर्षं जुनी रणगर्जना. त्यांचा ताकदीचा हजार वर्षांचा विक्रम २०१५ मध्ये मोडला. ग्लीमा ही त्यांची जशीच्या तशी टिकलेली युद्धकुस्ती. स्कीइंगचा शोध त्यांचाच. वेगविसिर हे त्यांचं होकायंत्र. आणि स्वीडनमध्ये बुद्धमूर्ती सापडली, म्हणजे ते भारतातही येऊन गेले.’

व्हायकिंग काळ ढोबळमानाने इ.स. ७९३ ते १०६६ असा धरतात. सुरुवात इंग्लंडमधल्या लिंडिस्फार्नच्या मठावरच्या हल्ल्याने, शेवट तिथल्याच स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईने. ही दोन सालं हाताशी ठेवली की यातले निम्मे दावे नुसत्या तारखेवरच पडतात. उरलेल्यांसाठी थोडं खोलात जावं लागतं.

‘शिंगांचं शिरस्त्राण घालून लढायचे’

त्या काळातली शिरस्त्राणं मुळात फार कमी सापडली आहेत. घडण नीट कळेल अशी त्यांतली दोन: एक इंग्लंडमधल्या यार्मचं, दुसरं १९४३ मध्ये नॉर्वेतल्या ग्येर्मुन्दबूच्या शेतात तुकड्यांच्या रूपात मिळालेलं. दोन्ही दहाव्या शतकातली, दोन्ही लोखंडी, आणि शिंगं दोन्हींना नाहीत.

ग्येर्मुन्दबूची घडण पाहण्यासारखी आहे. डोक्याभोवती एक पट्टी, कपाळापासून मानेपर्यंत दुसरी, दोन्ही कानांच्या बाजूंनी वर चढणाऱ्या आणखी पट्ट्या. त्यांच्यामधल्या चार फटींत चार वाकवलेले पत्रे रिव्हेट मारून बसवलेले. पुढे डोळे आणि नाक झाकणारी, चष्म्यासारखी जाळी. माथ्यावर छोटंसं टोक. एवढंच.

शिंगं का नाहीत, हे या घडणीवरूनच कळतं. गोल, गुळगुळीत माथ्यावर वरून घाव बसला की पातं घसरून बाजूला जातं आणि धक्क्यातला बराच जोर वाया जातो. तिथे शिंग असेल तर पातं त्यात अडकतं, सगळा जोर शिरस्त्राण फिरवण्यात जातो आणि तो पीळ थेट मानेला बसतो. हनुवटीचा पट्टा मजबूत असेल तर मान मुरगळणार, कच्चा असेल तर शिरस्त्राण उडणार. शिंग बसवायला पत्र्याला भोकं पाडावी लागतात, आणि नेमका तोच पत्रा घाव झेलायचा असतो. त्यात लढण्याची पद्धत ढालीला ढाल भिडवून खांद्याला खांदा लावून उभं राहण्याची. शत्रूआधी शेजाऱ्याच्याच डोळ्यात शिंग जायचं.

मग शिंगवाली शिरस्त्राणं कुठून आली? खरी आहेत, पण व्हायकिंगांची नाहीत. १९४२ मध्ये डेन्मार्कच्या वेक्सो गावाजवळच्या दलदलीत कांस्याच्या शिंगवाल्या शिरस्त्राणांची जोडी मिळाली. त्यावर चिकटून राहिलेल्या बर्चच्या डांबराची रेडिओकार्बन चाचणी झाली आणि काळ निघाला इसवी सनापूर्वी ९०० च्या आसपास. म्हणजे व्हायकिंगांच्या सुमारे १७०० वर्षं आधी.

दावेकऱ्यांच्या हातात एक बरं पान आहे, तेही सांगायला हवं. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या दफनात (इ.स. ८३४) जहाजाबरोबर विणलेल्या चित्रपट्टीचे तुकडे मिळाले आणि त्यात शिंगवाली एक आकृती आहे. पण ती आहे मिरवणुकीत. धार्मिक विधीत कुणी शिंगं घातली असतील, इतपत म्हणता येतं. रणांगणाचा पुरावा तो नव्हे.

आज आपल्या डोळ्यांपुढे येणारा टोप लोकप्रिय झाला १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला. संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांच्या तिथल्या प्रयोगासाठी वेशभूषाकार कार्ल एमिल डोप्लर यांनी काही पात्रांना शिंगांचे टोप दिले, आणि पुढे पोस्टर, खेळणी, चॉकलेटचे डबे यांनी ते काम पूर्ण केलं.

‘मिनेसोटापर्यंत पोचले, म्हणून संघाचं नाव व्हायकिंग्ज’

मिनेसोटाला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये जागा मिळाली १९६० मध्ये, पहिला हंगाम १९६१ चा. नावामागचं कारण सरळ आहे: एकोणिसाव्या शतकात नॉर्वे आणि स्वीडनमधून आलेली शेतकरी कुटुंबं या राज्यात मोठ्या संख्येने स्थायिक झाली. त्यांच्या नातवंडांना आपलं वाटेल असं नाव निवडलं गेलं. हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना रंगवलेली शिंगं मात्र बायरॉइटची.

‘पोचले होते’ याचा पुरावा म्हणून केन्सिंग्टनचा शिलालेख दाखवतात. १८९८ मध्ये ओलोफ ओमन या स्वीडिश शेतकऱ्याला सुमारे ९० किलोचा हा दगड मिनेसोटात मिळाला. रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीच्या बहुतेक सर्व अभ्यासकांनी तो एकोणिसाव्या शतकातला बनाव ठरवला आहे. आणि गंमत म्हणजे तो खरा मानला तरी दावा वाचत नाही, कारण दगडावर कोरलेलं सालच १३६२ आहे. व्हायकिंग काळ संपून तोवर तीनशे वर्षं झाली होती!

उत्तर अमेरिकेत ते खरोखर उतरले, पण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला, लान्सो मेडोज इथे. हेल्गे आणि आने स्तिने इंगस्टाड या दांपत्याने १९६० मध्ये ही जागा शोधली. तिथलं लाकूड इ.स. १०२१ मध्ये तोडलेलं होतं, हे झाडाच्या कड्यांवरून २०२१ मध्ये सिद्ध झालं. तिथून मिनेसोटा अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे.

‘ती टाळी म्हणजे हजार वर्षं जुनी रणगर्जना’

युरो २०१६ या फुटबॉल स्पर्धेत २७ जून २०१६ रोजी फ्रान्समधल्या नीसमध्ये आइसलँडने इंग्लंडला २–१ ने हरवलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकदम मारलेली ती टाळी आणि ‘हू!’ जगभर पोचली. तिचं वय तेव्हा किती होतं? आइसलँडमध्ये जेमतेम दोन वर्षं. २०१४ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत स्त्यार्नान या आइसलँडच्या क्लबची गाठ स्कॉटलंडच्या मदरवेलशी पडली. मदरवेलच्या प्रेक्षकांची ही लकब स्त्यार्नानच्या पाठीराख्यांनी उचलली आणि तिथून ती राष्ट्रीय संघाकडे गेली. फ्रान्समधल्या लान्स या क्लबचे पाठीराखेही ती आपली असल्याचं सांगतात. सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या मध्ययुगीन गद्यकथांमध्ये, रणगर्जना आहेत, ढालींवर शस्त्रं आपटणं आहे, पण ही टाळी कुठेही नाही.

तरी तिची रचना मात्र पक्की आहे, आणि ती फसते कुठे हेही ठरलेलं आहे. ढोलाचे दोन ठोके, मग शांतता, मग टाळी. सुरुवातीला दोन टाळ्यांत कित्येक सेकंद जातात, मग अंतर हळूहळू कमी होतं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब असतं. म्हणजे एका गोलमागचा ढोल दुसऱ्या गोलमागे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने उशिरा पोचतो. टाळी संथ असते तोवर हे जाणवत नाही. अंतर अर्ध्या सेकंदावर आलं की समोरच्या स्टँडची टाळी मधेच पडते आणि सगळा कालवा होतो. म्हणून कानावर विसंबायचं नाही, पुढे उभ्या माणसाचे वर गेलेले हात पाहायचे. ढोल एकच हवा. दोन ढोलवाले असले की वेग हमखास लवकर वाढतो.

त्याच स्पर्धेत फ्रान्सने आइसलँडला ५–२ ने हरवलं आणि पुढच्या विजयानंतर फ्रेंच खेळाडूंनीही ही टाळी मारली. त्याच वर्षी मिनेसोटाच्या संघाने ती स्वीकारली. भारतात बेंगळुरू एफसीचे खेळाडू सामन्यानंतर पाठीराख्यांसमोर हीच वाजवतात. तिला व्हायकिंग म्हणायला कुणाची हरकत नसावी, फक्त जन्मसाल बदलू नये.

‘हजार वर्षांचा विक्रम मोडला’

२०१५ च्या जानेवारीत हाफ्थोर ब्योर्नसन या आइसलँडच्या शक्तिपटूने नॉर्वेत दहा मीटर लांब, सहाशे किलोहून जड ओंडका खांद्यावर घेऊन पाच पावलं टाकली. पराक्रम निर्विवाद. पण मोडलेला ‘विक्रम’ म्हणजे ओर्म स्तोरोल्फसनने जहाजाची डोलकाठी घेऊन तीन पावलं टाकल्याची कथा. ती ज्या फ्लातेयारबोक हस्तलिखितात आहे ते चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलं गेलं, म्हणजे कथित घटनेनंतर जवळपास चारशे वर्षांनी. वजन कुणी केलं नव्हतं, अंतर कुणी मोजलं नव्हतं. याला विक्रम म्हणणं म्हणजे भीमाच्या गदेचं वजन क्रीडा महासंघाकडून प्रमाणित करून घेण्यासारखं आहे.

स्ट्राँगमन स्पर्धांत ‘व्हायकिंग दगड’ म्हणून मिरवणारा हुसाफेल दगडही तसाच. १८६ किलोचा हा तिकोनी दगड आइसलँडच्या हुसाफेल गावात अठराव्या शतकातल्या स्नोरी ब्योर्नसन या पाद्र्याच्या कोंडवाड्याशी जोडलेला आहे. आव्हान असं, की तो उचलून छातीशी धरायचा आणि कोंडवाड्याला फेरी मारायची. नवखा माणूस पाठीने नव्हे, श्वासाने हरतो. दगड छातीवर दाबला गेला की फासळ्या फुलत नाहीत, आणि दहा-वीस पावलांत पकड सुटते. जाणकार उचलण्याआधीच पोट भरून श्वास घेतात, दगड जमेल तितका वर धरतात, किंचित मागे झुकतात आणि पावलं छोटी, भरभर टाकतात.

त्याहून रोचक, ज्यूपालोन्ससांदुर किनाऱ्यावरचे चार दगड: २३, ५४, १०० आणि १५४ किलोचे. मच्छीमार होडीवर माणूस घेताना यांवर त्याची ताकद जोखायचे. व्हायकिंगांशी यांचाही संबंध नाही, कोळ्यांशी आहे.

‘ग्लीमा जशीच्या तशी टिकली’

इथे दाव्यात थोडं तथ्य आहे. सागांमध्ये कुस्ती भरपूर आहे आणि आइसलँडच्या जुन्या कायद्यातही तिचा उल्लेख येतो. पण आज दिसणारी ग्लीमा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडली. राष्ट्रीय स्पर्धा १९०६ पासून सुरू झाली, विजेत्याला ग्रेत्तिर या सागेतल्या बलवान नायकाच्या नावाचा पट्टा मिळतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिचं प्रात्यक्षिक झालं. कंबर आणि मांड्यांभोवतीचा चामडी पट्टाही त्याच सुमाराचा. त्याआधी मल्ल एकमेकांच्या विजारी धरायचे.

‘युद्धकुस्ती’ हे विशेषण तर अगदीच विसंगत. एक हात प्रतिस्पर्ध्याच्या कमरपट्ट्यावर, दुसरा मांडीच्या पट्ट्यावर. दोघेही ताठ उभे. वाकून अडून राहिलं की दोष. नजर पायांकडे नाही, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे, कारण तोल अंगाने ओळखायचा असतो. आणि पावलं थांबवायची नाहीत, घड्याळाच्या दिशेने फिरत राहायचं. या चालीतूनच डावाची संधी तयार होते: समोरच्याचं वजन एका पायावर गेलं त्या क्षणी टाच अडकवायची किंवा नितंबाने उचलायचं. मुख्य डाव आठ. कोपर ते गुडघा यांमधला कुठलाही भाग जमिनीला लागला की हार. आपल्याकडच्यासारखं चितपट करावं लागत नाही. पडणाऱ्याला जोराने खाली दाबणं किंवा त्याच्या अंगावर कोसळणं हा दोष. मारामारीत असले नियम कुणी पाळेल का?

स्कीइंग आणि ‘होकायंत्र’

स्वीडनच्या काल्व्हत्रेस्कची स्की सुमारे ५२०० वर्षं जुनी आहे. शोधाचा प्रश्न तिथेच संपतो. आधुनिक स्कीइंग मात्र नॉर्वेचं आहे, एकोणिसाव्या शतकात तेलेमार्कच्या सोंद्रे नुरहाइमच्या टाच घट्ट धरणाऱ्या बांधणीतून आलेलं. पाठीवर ३.५ किलोचं ओझं घेऊन ५४ किलोमीटरची बिर्केबाइनर शर्यतही ‘व्हायकिंग’ म्हणून सांगतात. ती १९३२ मध्ये सुरू झाली, नॉर्वेचा बाळ राजपुत्र हाकोनला बर्फातून सुखरूप नेल्याच्या १२०६ च्या घटनेच्या स्मरणार्थ. तोवर नॉर्वे ख्रिस्ती होऊन दोनेक शतकं झाली होती.

वेगविसिर, म्हणजे टॅटूंमध्ये दिसणारी ती आठ फाट्यांची आकृती, १८६० च्या हुल्द या आइसलँडिक हस्तलिखितातली. व्हायकिंग काळातल्या एकाही वस्तूवर ती नाही. गोंदवायची तर जरूर गोंदवा, पण व्हायकिंग म्हणून नको.

‘बुद्धमूर्ती सापडली, म्हणजे भारतात आले’

मूर्ती खरी आहे. स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर १९५६ मध्ये मिळालेली, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर उंच, सहाव्या शतकाच्या सुमारास उपखंडाच्या वायव्येला घडवलेली. पण हेल्गोच्याच उत्खननात इजिप्तमधली कांस्याची पळी आणि आयर्लंडमधल्या बिशपच्या दंडाची मूठही मिळाली. वस्तू प्रवास करते ती हातोहात. व्यापाराचा खरा माग आहे चांदीचा: गोटलंड बेटावर १९९९ मध्ये मिळालेल्या स्पिलिंग्ज ठेव्यात ६७ किलो चांदी होती आणि तिच्यातली १४ हजारांहून अधिक नाणी जवळजवळ सगळी इस्लामी जगातली. अशी नाणी बहुतांशी वोल्गाच्या बाजारपेठांतून उत्तरेला जात. अरब प्रवासी इब्न फदलानला ९२२ मध्ये रुस, म्हणजे पूर्वेकडे गेलेले स्कँडिनेव्हियन, व्यापारी भेटले तेही वोल्गाकाठीच. इंगवार या स्वीडिश म्होरक्याच्या मोहिमेत पूर्वेकडे मेलेल्यांसाठी स्वीडनमध्ये वीसहून अधिक रूनशिला उभारल्या गेल्या. त्यांतल्या काहींवर सेर्कलंडचं, म्हणजे कॅस्पियनकडच्या मुस्लिम मुलखाचं नाव आहे. भारताचं एकीवरही नाही.