फोटोत न मावलेलं आल्टेनवेर्डर

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरून वाद पेटला की शाळेच्या ग्रुपवर मला हाक येते: 'तू हॅम्बुर्गला असतोस ना, सांग यांना!' ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची जमीन. तिथे बाग, मरीना (खासगी बोटींचा धक्का) की टॉवर? पुरावा म्हणून हाफेनसिटीतल्या, म्हणजे हॅम्बुर्गच्या जुन्या गोद्यांच्या जागी वसवलेल्या नव्या वस्तीतल्या, लाटांच्या छपराच्या संगीतगृहाचा फोटो येतोच. कोको-तंबाखूच्या जुन्या गोदामावर चढवलेली ही इमारत देखणी आहे, वादच नाही. शहराला सुमारे ७.७ कोटी युरो खर्च येईल म्हणाले, आला ७८.९ कोटी, २०१० ची तारीख २०१७ वर गेली. (जर्मन वक्तशीरपणाचं कौतुक मला कुणी ऐकवू नये.)

त्या फोटोत आल्टेनवेर्डर येत नाही. शहरालगतच्या गोद्या रिकाम्या करायच्या, तर कंटेनर दुसरीकडे उतरणारच. ते उतरले एल्बे नदीपलीकडच्या या मच्छीमारांच्या गावात. १९९८ पर्यंत गाव उठलं, २००२ ला टर्मिनल सुरू झालं. आता तिथे चर्च तेवढं शिल्लक आहे. हाफेनसिटीच्या जमिनी विकून याच टर्मिनलचा खर्च भागवायचा, असा बेत होता. म्हणजे गाव गेलं ते गेलंच, पण हिशेब तरी एका वहीत होता. हॅम्बुर्ग शहरही आहे आणि राज्यही, जमीनही बहुतेक त्याचीच. मुंबईत जमीन केंद्राच्या बंदर प्राधिकरणाची (म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची) आणि महापालिका बघ्याच्या भूमिकेत.

आपल्याकडे १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, मुंबईच्या गोद्यांतला कंटेनर तिकडे गेला. शेवा गावच्या कोळ्यांच्या पुनर्वसनाचं भांडण मात्र पुढे कित्येक वर्षं चाललं. आता वाढवण. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली नाकारलेल्या बंदराला २०२३ ला परवानगी मिळाली, २०२४ ला सुमारे ७६,००० कोटींच्या कामाचं भूमिपूजनही झालं.

माझगावच्या बागेवर चर्चासत्रं होतात, वाढवणसाठी मच्छीमार रस्त्यावर उतरतात, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. मला हे दोन वाद वेगळे वाटत नाहीत. मुंबईतलं बंदर आक्रसतं तेव्हा दुसरा कुठलातरी किनारा त्याची किंमत मोजतो. तेव्हा ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर मासळीच उतरू दे. आणि गोदीच्या जमिनीतून येणाऱ्या पैशातला किती वाटा वाढवण, वरोर, धाकटी डहाणूच्या मच्छीमारांना मिळणार, तो आकडा आराखड्याच्या पहिल्या पानावर छापा. मरीनाचं चित्र मागच्या पानावर चालेल.